कोळंबीतील जड धातू

समुद्रात व खाडीत पकडलेल्या, तसेच तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीच्या शरीरात पारा, कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, तांबे, जस्त इ. मूलद्रव्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात. पाण्याच्या सु. पाचपट किंवा त्याहून अधिक घनता असलेल्या धातूंना जड धातू म्हणण्याचा प्रघात आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही व्याख्या सैल आहे. आर्सेनिक तर धातू नसून धातुसदृश मूलद्रव्य आहे. तथापि आरोग्य व प्रदूषण यांच्या संदर्भात ही सर्व मूलद्रव्ये एकत्र विचारात घेतली जातात व प्रस्तुत नोंदीतही तसेच केले आहे.

गोठविलेली कोळंबी हा भारताच्या सागरी उत्पादनांच्या निर्यातीतील मूल्याने सर्वांत मोठा घटक आहे. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर कोळंबी, करंदी व जवळा हे रोजच्या आहाराचे पदार्थ आहेत. त्यामुळे या प्राण्यांतील धातूंचा प्रश्न व्यापाराचाही आहे आणि घरातील ताटाचाही. निसर्गात वाढलेली कोळंबी अधिक धोक्याची की तळ्यात वाढविलेली, असे नेहमी विचारले जाते. या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. कोणता धातू, तो कोणत्या रासायनिक रूपात आहे, शरीराच्या कोणत्या भागात आहे आणि प्राणी कोणत्या पाण्यात व किती काळ वाढला, या गोष्टी कळल्यावाचून ‘नैसर्गिक’ व ‘संवर्धित’ या शब्दांवरून धातूंविषयी फारसा बोध होत नाही.

आवश्यक व अनावश्यक धातू : तांबे व जस्त यांच्यावाचून कोळंबी जगू शकत नाही. मनुष्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हीमोग्लोबिन करते. कोळंबी, खेकडा, शेवंड इ. कवचधारी प्राण्यांत (⟶ कवचधारी वर्ग) ते काम हीमोसायनिन हे ताम्रयुक्त प्रथिन करते. ऑक्सिजनाचा एक रेणू धरून ठेवण्यास त्यातील तांब्याचे दोन अणू लागतात. ऑक्सिजनयुक्त हीमोसायनिनाचा रंग निळसर असतो. कोळंबीच्या मांसात तांबे आढळले म्हणजे ती प्रदूषित पाण्यातील असली पाहिजे, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. अगदी स्वच्छ पाण्यातील कोळंबीच्या एक किलोग्रॅम ताज्या मांसात काही मिलिग्रॅम तांबे व सु. १०–१५ मिग्रॅ. जस्त असते. पारा, कॅडमियम व शिसे यांचा मात्र या प्राण्यास काहीही उपयोग असल्याचे माहीत नाही.

या दोन गटांतील भेद प्रयोगानेही स्पष्ट झाला आहे. १९८२ मध्ये एस्. एल्. व्हाइट व पी. एस्. रेनबो या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पॅलिमॉन एलेगन्स या किनाऱ्यालगतच्या कोळंबीवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यातील जस्ताचे वा तांब्याचे प्रमाण दर लिटरला सु. १०० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढविले, तरी कोळंबीच्या शरीरातील त्यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहिले. त्यापुढे ही नियमनशक्ती अपुरी पडून शरीरातील प्रमाण वाढू लागले. कॅडमियमाच्या बाबतीत असे नियमन मुळीच दिसले नाही. पाण्यात जितके कॅडमियम, त्या मानाने ते शरीरात साठत गेले. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. एखाद्या खाडीतील जस्त-प्रदूषण बरेच वाढले, तरी तेथील कोळंबीच्या मांसावरून ते कळेलच असे नाही. त्यासाठी कालवे वा शिंपल्या तपासणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण त्यांच्या शरीरात धातू मोठ्या प्रमाणात साचत जातात. कॅडमियमाचा मात्र कोळंबीतही माग लागतो.

शरीरातील वाटचाल : धातू कोळंबीच्या शरीरात दोन मार्गांनी शिरतात. पाण्यात विरघळलेला अंश क्लोमांवाटे आणि उरलेला अन्नावाटे. कोळंबी तळाशी वावरणारी व मिळेल ते खाणारी असल्याने गाळाचे कण, कुजके पदार्थ, सूक्ष्म वनस्पती, कृमी व लहान कवचधारी यांच्यासह त्यांना चिकटलेले धातूही तिच्या पोटात जातात. शिरोवक्षात, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘डोके’ म्हणतात त्या भागात, यकृत-अग्निपिंड ही मोठी पाचक ग्रंथी असते. अन्नावाटे आलेले धातू प्रथम तेथे पोहोचतात आणि बव्हंशी तेथेच अडकतात. या ग्रंथीच्या कोशिकांत मेटॅलोथायोनीन नावाची गंधकयुक्त लहान प्रथिने असून ती कॅडमियम, तांबे व जस्त यांना घट्ट बांधून ठेवतात. बांधलेला धातू कोशिकेतील इतर प्रथिनांना अपाय करू शकत नाही. त्यामुळे प्राणी स्वतः निरोगी दिसतो, परंतु त्याला खाणाऱ्याच्या पोटात तो सर्व धातू एकदम जातो.

ग्रंथी, क्लोम, कवच व शेपटीचे (उदराचे) मांस यांतील धातूंची प्रमाणे वेगवेगळी असतात. यकृत-अग्निपिंडातील कॅडमियम व तांबे यांची संहती (विशिष्ट वजनातील प्रमाण) मांसातील संहतीच्या कितीतरी पट असते. समजा, एखाद्या कोळंबीत ग्रंथीचे वजन मांसाच्या एक-विसांश आहे व तीत कॅडमियमाची संहती मांसाच्या वीसपट आहे, तर त्या एवढ्याशा ग्रंथीत संपूर्ण शेपटीइतकेच कॅडमियम भरते. डोक्यासकट शिजवून डोके चोखून खाणारा आणि सोललेली शेपटी खाणारा या दोघांनी एकाच टोपलीतील कोळंबी खाल्ली, तरी धातूंच्या दृष्टीने त्यांचा आहार एक नसतो. आणखी एक बाब अशी की, प्राणी मेल्यावर या ग्रंथीचे आत्मपाचन फार लवकर सुरू होते. बर्फ कमी पडल्यास ती फुटून तिचा रस लगतच्या मांसास लागतो. म्हणून पकडल्यावर डोके तोडणे लांबविल्यास मांसाचा दर्जा बिघडतो, शिवाय विश्लेषणाचे आकडेही फिरू शकतात.

कोळंबी ठराविक काळाने कात टाकते. शिशाचे वर्तन पुष्कळसे कॅल्शियमासारखे असल्याने त्याचा मोठा भाग कवचात राहतो आणि कातीबरोबर काही अंशी शरीराबाहेर जातो. शेपटीच्या मांसात शिसे सामान्यतः अल्प असते. मात्र नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी आपल्या वा इतर कोळंबीच्या टाकलेल्या काती पुष्कळदा खाऊन टाकते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

पारा : जलजन्य अन्नातील विषारी धातूंचा प्रश्न जगापुढे आला तो पाऱ्यामुळे. जपानमधील मिनामाता येथे ॲसिटाल्डिहाइड बनविणाऱ्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत समुद्रात सोडले जात होते. उपसागरातील मासे, शिंपल्या व कवचधारी प्राणी खाणाऱ्या कुटुंबांत मज्जासंस्थेचा दुर्धर विकार आढळून आल्याची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. तेथील विषाचे रूप मिथिल-पारा हे होते. अकार्बनी पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर ऑक्सिजनविरहित गाळातील सूक्ष्मजंतूही करतात, त्यांत सल्फेटाचे क्षपण करणारे जंतू प्रमुख आहेत. म्हणजे कारखान्यातून साधा पारा बाहेर पडला, तरी खाडीच्या गाळात त्याचे अधिक घातक रूप तयार होऊ शकते.

मिथिल-पारा अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातो. शिकारी व दीर्घायुषी माशांत तो सर्वाधिक असतो. कोळंबी या साखळीत बरीच खाली असून बहुतेक जाती एक-दोन वर्षेच जगतात. त्यामुळे तिच्यात पारा साठण्यास अवधीच मिळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० नंतरच्या सु. दोन दशकांत गोळा केलेल्या माहितीनुसार कोळंबीत दर किलोग्रॅमला सरासरी ०·००९ मिग्रॅ. पारा आढळला. शार्क माशांत हा आकडा ०·९७९, तर तलवार माशात ०·९९५ होता. पाऱ्याच्या भीतीने कोळंबी सोडून मोठे शिकारी मासे खाणे हे म्हणूनच अगदी उलटे वागणे होय.

अर्थात हे सरासरीचे चित्र झाले. पारा थेट खाडीत सोडला जात असेल, तर तेथील प्राण्यांना सरासरी लागू पडत नाही. मिठाच्या द्रावणातून विद्युत् विच्छेदनाने कॉस्टिक सोडा व क्लोरीन बनविण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा ऋणाग्र वापरीत आणि त्यातील काही पारा सांडपाण्यातून व गाळातून बाहेर जाई. मुंबईजवळील काळू व उल्हास या नद्या आणि ठाणे खाडी यांतील पाऱ्याचा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात संशोधकांच्या लक्षात आला. ठाणे खाडीतील पाऱ्याविषयी राष्ट्रीय महासागर विज्ञान संस्थेतील संशोधकांचा लेख १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारतातील या उद्योगाने पारा टाकून पटल-पद्धती स्वीकारली. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला व भारताने त्यास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. परंतु गाळात बसलेला पारा कारखान्याची पद्धत बदलल्याने नाहीसा होत नाही. खाडी खणली, भर घातली वा प्रवाह वळविला की तो पुन्हा वर येऊ शकतो.

कॅडमियम : कोळंबीच्या संदर्भात खरी काळजी घ्यावयाची ती कॅडमियमाची. मानवी शरीरात ते मूत्रपिंडांत साठते व तेथून बाहेर पडण्यास एक-दोन दशके किंवा अधिक काळ लागतो. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणींतील कॅडमियम भातशेतीत उतरून हाडे ठिसूळ करणारा ‘इताइ-इताइ’ हा विकार उद्‌भवला. तो प्रदूषणजन्य असल्याचे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. तेथे दोष भाताचा होता, कोळंबीचा नव्हता. परंतु भात हे मुख्य अन्न असलेल्या लोकांच्या शरीरात कॅडमियमाचा काही साठा आधीच होत असतो आणि कोळंबीतील कॅडमियमाची त्यात भर पडते, ही गोष्ट कोकण, गोवा, केरळ व बंगाल या भात-मासे खाणाऱ्या प्रदेशांत विसरून चालणार नाही.

समुद्रातील कॅडमियम नेहमी कारखान्यातूनच आलेले असते असे नाही. महासागरात त्याची वाटणी फॉस्फेटासारखी असते. पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती ते उचलतात व त्या मरून खाली बुडाल्यावर ते खोल पाण्यात मुक्त होते. खोल पाणी वर येते अशा ठिकाणी ते पुन्हा पृष्ठभागी पोहोचते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ असे पाणी वर येते. यामुळे जवळपास एकही कारखाना नसलेल्या समुद्रातील प्राण्यांतही कॅडमियम लक्षणीय असू शकते. माकुळासारख्या प्राण्यांच्या यकृतात ते फार मोठ्या प्रमाणात साठते. याचा संबंध कोळंबी-संवर्धनाशी कसा येतो, ते पुढे दिले आहे.

आर्सेनिक : कोळंबीच्या तपासणीत वाचकाला सर्वांत दचकविणारा आकडा आर्सेनिकाचा असतो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०·०१ मिग्रॅ. एवढीच मर्यादा असताना समुद्री कोळंबीत दर किलोग्रॅमला कित्येक मिलिग्रॅम आर्सेनिक सापडते. याचा उलगडा १९७७ मध्ये झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंडाच्या मांसातील आर्सेनिक हे आर्सेनोबिटाइन नावाच्या कार्बनी संयुगाच्या रूपात असल्याचे जे. एस्. एडमंड्झ व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. पुढे समुद्री कोळंबी व मासे यांतही मुख्यत्वे तेच संयुग आढळले. मनुष्याच्या शरीरात त्याचा फारसा पालट होत नाही व ते मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. विषारी असते ते अकार्बनी आर्सेनिक, आणि समुद्री कोळंबीत त्याचा वाटा अल्प असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ मध्ये कवचधारी प्राण्यांसाठी सुचविलेली एकूण आर्सेनिकाची पातळी दर किलोग्रॅमला ७६ मिग्रॅ. इतकी, तर कॅडमियमाची अवघी ३ मिग्रॅ. होती. एवढा फरक का, हे वरील विवेचनावरून कळेल. केवळ ‘एकूण आर्सेनिक’ देऊन घबराट निर्माण करणारी वृत्ते वाचताना हा भेद लक्षात ठेवणे इष्ट आहे.

नैसर्गिक कोळंबी : पीनियस कुलातील कोळंबी खुल्या समुद्रात अंडी घालते. डिंभ वाढत वाढत किनाऱ्याकडे येतात. खाडी, नदीमुख व कांदळवनातील उथळ पाण्यात पिले काही आठवडे ते काही महिने वाढतात आणि प्रौढ होण्यासाठी पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे भर समुद्रात पकडलेल्या कोळंबीचेही बालपण एखाद्या खाडीत गेलेले असते. मुंबई, ठाणे व वसईच्या खाड्या, कुंडलिका, सावित्री व वाशिष्ठी यांची मुखे, कोचीचे पश्चजल यांच्या काठी कारखाने व नगरे वसलेली आहेत. पिले वाढण्याची ठिकाणे व सांडपाणी येऊन मिळण्याची ठिकाणे अशी एकच झाली आहेत.

नदीतून आलेले धातू गोड्या पाण्यात ज्या रूपात असतात, त्या रूपात ते खाडीत टिकत नाहीत. लवणता वाढताच मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात व त्यांना लागलेले धातूही खाली जातात. याउलट कॅडमियम क्लोराइडाशी विद्राव्य जटिल संयुगे बनवून कणांपासून सुटते. गोव्यातील मांडवी व झुआरी या नद्यांच्या मुखांत लोहखनिजाच्या खाणींतून वाहून आलेले लोह व मँगॅनीज दीर्घकाळ साचत आले. तेथील खाणकाम २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये थांबविण्यात आले होते. लोह-मँगॅनिजाची ऑक्साइडे स्वतः तितकीशी अपायकारक नसली, तरी इतर धातू त्यांच्या पृष्ठावर अधिशोषित होतात आणि तळाशी ऑक्सिजन कमी पडल्यास सुटून पाण्यात येतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा येतो, उन्हाळ्यात लवणता वाढते. एकाच खाडीतील कोळंबीत ऋतुमानाप्रमाणे धातूंची प्रमाणे बदलतात, ती यामुळे.

संवर्धित कोळंबी : गोव्यातील खाजण जमिनी, केरळातील पोक्काळी शेते व बंगालमधील भेड्या यांत कोळंबी धरण्याची जुनी पद्धत आहे. भरतीच्या पाण्याबरोबर पिले आत येतात, मानशीची दारे लावून ती अडविली जातात व वाढल्यावर पकडली जातात. त्यांना वेगळे खाद्य दिले जात नाही. या कोळंबीस नैसर्गिक म्हणावे की संवर्धित, हे ठरविणे कठीण आहे. धातूंच्या दृष्टीने ती खाडीचीच असते.

आधुनिक संवर्धनाचे स्वरूप निराळे आहे. भारतात प्रथम वाघ कोळंबी (पीनियस मोनोडॉन) हिचे आणि तटीय जलसंवर्धन प्राधिकरणाने २००९ मध्ये अनुमती दिल्यानंतर पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हॅनामी या जातीचे संवर्धन वाढले. आंध्र प्रदेश त्यात आघाडीवर आहे. व्हॅनामीचे पीक साधारणतः तीन-चार महिन्यांत काढले जाते. वय कमी असल्याने धातू साठण्यास कालावधी थोडा मिळतो, ही एक जमेची बाजू आहे. दुसरी म्हणजे पाणी कोठून घ्यावयाचे व कोणते खाद्य द्यावयाचे, हे संवर्धकाच्या हाती असते. हेच दोन घटक बिघडले, तर मात्र तळ्यातील प्रत्येक कोळंबी सारखीच दूषित होते. खुल्या समुद्राप्रमाणे येथे तिला दूर जाता येत नाही.

धातू येण्याचा मुख्य मार्ग खाद्य हा आहे. खाद्यात मासळीचे कूट, कोळंबीच्या डोक्यांचे कूट आणि कोळंबीला वासाने आकर्षित करण्यासाठी माकुळाच्या यकृताची भुकटी घालतात. या भुकटीत कॅडमियम पुष्कळ असू शकते. म्हणून यूरोपीय संघाने प्राणिज खाद्यघटकांतील कॅडमियमाची मर्यादा दर किलोग्रॅमला २ मिग्रॅ. व माशांच्या तयार खाद्यातील १ मिग्रॅ. अशी ठरविली आहे. समजा, एक किलोग्रॅम कोळंबी तयार होण्यास दीड किलोग्रॅम खाद्य लागते व खाद्यातील कॅडमियम या मर्यादेइतके आहे. तर प्रत्येक किलोग्रॅम उत्पादनामागे तळ्यात १·५ मिग्रॅ. कॅडमियम पडते. त्याचा लहान भागच शरीरात शोषला जातो, उरलेला न खाल्लेल्या खाद्यातून व विष्ठेतून तळाच्या काळ्या गाळात जातो. हा गाळ पिकानंतर खरवडून बांधावर वा सरळ खाडीत टाकला जातो, तेव्हा संवर्धकाचा प्रश्न शेजारच्या मच्छीमाराच्या पदरी येतो.

शेवाळ मारण्यासाठी वापरलेले मोरचूद (कॉपर सल्फेट) हाही तांब्याचा एक स्रोत आहे. तळे कोठे खणले, यालाही महत्त्व आहे. कांदळवनाच्या जमिनीत लोहाचे सल्फाइड (पायराइट) असते. ती खणून उघडी पडली की त्याचे ऑक्सिडीभवन होऊन सल्फ्यूरिक अम्ल तयार होते, पाण्याचे पीएच मूल्य घसरते आणि मातीत अडकलेले ॲल्युमिनियम, लोह व इतर धातू मोकळे होतात. संवर्धक चुना टाकून हे अम्ल मारतात. कांदळवन तोडून तळी खणण्याविरुद्ध दिली जाणारी कारणे बहुधा मासळीची पैदास व किनाऱ्याची धूप यांविषयी असतात. मातीच्या रसायनशास्त्राचे हे कारणही तितकेच सबळ आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मोजमाप : धातूंची संहती मोजण्यासाठी नमुना अम्लात पूर्णपणे विरघळवून अणुशोषण वर्णपटमापन अथवा प्रेरणिक-युग्मित आयनद्रायूवर आधारित द्रव्यमान वर्णपटमापन या पद्धती वापरतात. यंत्रे उत्तम असली, तरी आकड्यांची तुलना करताना चुका होतात. पहिली चूक ओल्या व कोरड्या वजनाची. ताज्या कोळंबीत ७५–८० टक्के पाणी असते. संशोधनलेखांत संहती बहुधा कोरड्या वजनावर दिलेली असते, तर कायद्याची मर्यादा ओल्या वजनावर असते. कोरड्या वजनावर २ मिग्रॅ. कॅडमियम म्हणजे ओल्या वजनावर केवळ ०·४ ते ०·५ मिग्रॅ. होय. हा गुणक न लावता लेखातील आकडा मर्यादेशेजारी ठेवला की निर्दोष माल दोषी ठरतो. दुसरी चूक अवयवाची : संपूर्ण प्राण्याची संहती सोललेल्या मांसाच्या संहतीशी ताडून पाहणे. नैसर्गिक व संवर्धित कोळंबीची तुलना करताना जात, आकार, ऋतू व अवयव हे सर्व सारखे ठेवले पाहिजेत. तसे ठेवलेले नसेल, तर दिसलेला फरक वयाचा किंवा जातीचाही असू शकतो.

मर्यादा व सेवन : यूरोपीय संघाच्या नियमांनुसार कवचधारी प्राण्यांच्या मांसात शिसे, कॅडमियम व पारा यांची कमाल मर्यादा प्रत्येकी दर किलोग्रॅमला ०·५ मिग्रॅ. (ओले वजन) आहे. येथे मांस म्हणजे उपांगे व उदर यांतील मांस. डोक्याकडील भाग त्यात धरलेला नाही. भारतात निर्यातीच्या मालावर निर्यात निरीक्षण परिषद देखरेख ठेवते आणि संवर्धित मालातील अवशेषांच्या तपासणीची राष्ट्रीय योजनाही चालविली जाते.

अन्नातील कॅडमियमाचे सह्य प्रमाण जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ञ समितीने २०१० मध्ये शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम असे ठरविले. ६० किग्रॅ. वजनाच्या मनुष्यासाठी ते १,५०० मायक्रोग्रॅम होते. मर्यादेइतके (०·५ मिग्रॅ.) कॅडमियम असलेली १५० ग्रॅम कोळंबी खाल्ल्यास ७५ मायक्रोग्रॅम पोटात जाते, म्हणजे महिन्याला वीस वेळा खाल्ल्यावर एवढ्यानेच सह्य प्रमाण भरते. संहती याच्या दशांश असेल, तर दोनशे वेळा खावे लागेल. मिथिल-पाऱ्याचे सह्य प्रमाण (२००३) आठवड्याला दर किलोग्रॅम वजनामागे १·६ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच मनुष्यासाठी ९६ मायक्रोग्रॅम आहे. वर दिलेल्या अमेरिकी सरासरीच्या १५० ग्रॅम कोळंबीतून दीड मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पारा येतो. शिशासाठी पूर्वी ठरविलेले सह्य प्रमाण या समितीने २०१० मध्ये मागे घेतले, कारण ज्याखाली अपाय होत नाही अशी पातळी दाखविता येत नाही. मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

जवळा व सोडे : वरील सर्व नियम सोललेल्या शेपटीस समोर ठेवून केलेले आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर सापडणारा जवळा (ॲसिटिस इंडिकस) दोन-चार सेंमी. लांबीचा असून तो डोके, कवच, ग्रंथी व आतड्यातील अन्न यांसह अख्खाच खाल्ला जातो. ताजा जवळा कालवणात जातो, उरलेला खळ्यावर उन्हात सुकवून पावसाळ्यासाठी ठेवतात. सुकताना वजन एक-चतुर्थांशापर्यंत घटते, धातू मात्र तितकेच राहतात. त्यामुळे सुक्या जवळ्यातील संहती चौपट किंवा अधिक दिसते. ती ताज्या मालाच्या मर्यादेशी सरळ ताडणे बरोबर नाही, कारण २० ग्रॅम सुका जवळा म्हणजे जवळजवळ ८०–१०० ग्रॅम ताजा जवळा होय. सोडे हे सोललेल्या कोळंबीचे असल्याने त्यांना डोक्यातील धातूंची भर मिळत नाही. जवळ्याचे आयुष्य अल्प आहे व तो अन्नसाखळीत खाली आहे, ही बाब त्याच्या बाजूची आहे. परंतु अख्खा प्राणी म्हणून त्याची तपासणी वेगळ्या निकषाने व्हावयास हवी. निर्यातीच्या पेटीइतके लक्ष कोळीवाड्यातील व गावच्या बाजारातील सुक्या मासळीकडे दिले जात नाही. ती खाणारी कुटुंबे मात्र आठवड्यातून कित्येकदा ती खातात, आणि ती ज्या खाडीतून येते तेथील सांडपाण्याचा पहिला परिणामही त्यांच्यावरच होतो.

स्वयंपाकातील प्रक्रिया : धातू उष्णतेने नाश पावत नाहीत. उलट भाजताना व तळताना पाणी निघून गेल्याने त्यांची संहती वाढते. उकळलेले पाणी टाकून दिल्यास विद्राव्य अंश, विशेषतः आर्सेनोबिटाइन, काही प्रमाणात कमी होतो. कोळंबीचे डोके काढून टाकणे व पाठीतील काळा धागा (आतडे) ओढून काढणे ही घराघरांतील रीत या दृष्टीने उपयुक्त आहे. त्यांतही डोके काढण्याचा लाभ अधिक आहे. डोक्यांचा रस्सा करण्याची आवड असणाऱ्यांनी मूळ कोळंबी कोठली, याची चौकशी करावी. कारखान्यांत निघालेली डोकी व कवचे वाया जात नाहीत. डोक्यांचे कूट पुन्हा कोळंबीच्या खाद्यात वापरले जाते व त्यातील कॅडमियम तळ्यात परत येते. कवचांतून कायटिन व त्यापासून कायटोसान काढतात. या कायटोसानाच्या अंगी धातूंचे आयन धरून ठेवण्याचा गुण असल्याने सांडपाण्यातील जड धातू काढून घेण्यासाठी त्याचा वापर केला जातो.